समीक्षाचं नाव

हिंगणघाट
१९ जानेवारी २०२६

मामा, जयभीम.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. तुमच्या समीक्षाचं लग्न जमलं हे वाचून मी ऑफिसात एवढ्या जोरात ओरडले की आनंदाबाईंच्या हातातली काचेची नळी पडता पडता राहिली. जाम गावचा मुलगा, चौकात टायरचं दुकान, अंकित नाव, सगळं झकास. पण तुम्ही लिहिता, "पोट्टा कमी बोलते." मामा, कापसाच्या जिनातल्या, सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या आवाजानं तुमचे कान नेले त्याला वीस वर्षं झाली. तो कमी बोलतो हे तुम्हाला कसं कळलं म्हणे?

तुम्ही विचारलं, मी नेमकं काय करते. आई सगळ्यांना सांगते की मी कॉम्प्युटर दाबते. तर ऐका. आनंदाबाई नर्स होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी ही संस्था काढली. गावोगाव जाऊन सिकलसेलसाठी रक्त तपासायचं, कार्ड द्यायचं, ज्याला त्रास आहे त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. प्रत्येक घरी त्यांनी शब्द दिला आहे की तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. म्हणून आमची नोंदवही कोणत्या मोठ्या कंपनीकडे नाही, ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर आहे. ती चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिते, आणि तोही तिथंच ठेवते. घरात धान्याची कोठी असते ना, तशी कोडची कोठी. अकरा जणांना तिच्यात डोकावता येतं. मी, आनंदाबाई आणि सेंटरवरचे कार्यकर्ते. "हे बटण चालत नाही" वगैरे तक्रारी ते तिथं टाकतात, आणि कोठीत काही बदललं की सगळ्यांना आपोआप मेल जातो.

नवीन गोष्ट अशी की गेल्या आठवड्यात मी त्या कोठीला एक एजंट जोडला. माणूस नव्हे. कोड स्वतः वाचणारी, चूक शोधणारी, दुरुस्ती लिहून "ही मान्य करावी" अशी विनंती टाकणारी मशीन. मी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. त्रेचाळीस तक्रारी पडून होत्या, दोन दिवसांत नऊ निकालात निघाल्या. आनंदाबाईंनी तीनदा विचारलं, ती मशीन नावं तर वाचत नाही ना? कारण तिचं डोकं बाहेर कुठल्या तरी कंपनीत असतं, तिनं वाचलं म्हणजे बाहेर गेलं. मी सांगितलं, ती कोड वाचते. नोंदवही वेगळ्या खोलीत आहे, तिकडे तिला दार नाही.

मामींना नमस्कार. साक्षगंधाला मी पिवळी साडी नेसणार, समीक्षाला सांगा की तिनं पिवळी घ्यायची नाही.

तुमची,
सरिता


कारंजा (घाडगे)
२४ जानेवारी

सरू पोरी, जयभीम.

तू लय शाणी झाली. मले ऐकू येत नाई, पन पोट्ट्याचे ओठ हलतात का नाई ते तं दिसते ना.

तुयं पत्र दोन खेपा वाचलं. नर्सरीत संत्र्याच्या कलमा बांधता बांधता तेच डोक्यात. आमाले जिनात पितळेचा बिल्ला राहे, त्याच्यावर नंबर. एक डाव मले ताप होता तं म्या माया बिल्ला तानबाले देल्ला. तो माया नावानं रेच्यावर उभा राह्यला अन् त्याचं बोट गेलं. कागदावर बोट गेलं प्रेमदासचं. माये दाही बोटं शाबूत, अन् तानबा बिचारा कागदावर त्या दिवशी घरी निजून होता. त्याच्या दवापान्यासाठी आमी दोघंबी लय हिंडलो. म्हणून इचारतो, तुयी ती मशीन काम करते ते कोनाच्या नावानं? तिच्या का तुया?

आता मुद्द्याचं. समीक्षाच्या कार्डावर "वाहक" लिहून हाय, तुले मालूमच हाय, तूच तिले तपासाले नेलंतं. तिले सोताले काई तरास नाई, पन ह्या एका शब्दानं पयल्या दोन जागा गेल्या. जामवाल्याइले म्या सांगतलं नाई. पोट्ट्याची मावशी भागीरथा, जिनं हे जमवलं, ती तुयाच संस्थेच्या जामच्या सेंटरवर हाय. म्हणून मले धाकधूक वाटते. तुया ऑफिसातून ते नाव निंघालं नाई पायजे. मामासाठी एवढंच करजो.

साक्षगंध २२ फेब्रुवारीले. पिवळ्या साडीचं समीक्षाले सांगतलं, ती हासली.

प्रेमदास


हिंगणघाट
६ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. पहिली तीन फाडली.

समीक्षाचं नाव बाहेर गेलं.

कसं ते सांगते. चार वर्षांपूर्वी मी हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, तेव्हा फॉर्म चालतो का हे पाहायला दोन-चार माणसं भरून पाहावी लागली. खोटी माणसं रचता आली असती. पण आपल्याकडे कोणतीही गोष्ट आधी घरच्यांवर करून पाहतात, तसं मी आपलंच घर भरलं. तुम्ही, मामी, समीक्षा, आई, आमचा धाकटा सुगत. नाव, गाव, आणि कार्डावर जो शब्द आहे तोच. ती फाईल नोंदवहीत नव्हती, कोडच्या कोठीत होती, एका कोपऱ्यात. मी ती पार विसरले होते.

काल मशीनला एक तक्रार दिली होती की एकच माणूस यादीत दोनदा दिसतो. ती शोधत शोधत त्या फाईलपाशी गेली. तिला कळलं की ही खरी माणसं दिसतात, आणि तिनं विनंती लिहिली की खऱ्या माणसांची आजाराची माहिती इथं असू नये, काढून टाकावी. अगदी बरोबर लिहिलं. आणि खाली, मला शोधायला सोपं जावं म्हणून, पाच नावं लिहून दिली. प्रत्येकापुढे गाव आणि तो शब्द.

कोठीनं नेहमीसारखा अकरा जणांना मेल पाठवला. भागीरथाबाईंनाही.

मी अर्ध्या तासात विनंती पुसली, फाईल पुसली, जुन्या नोंदींतूनही खरवडून काढली. पण गेलेला मेल परत येत नाही. आनंदाबाईंनी मशीनची जोडणी तोडायला लावली. मग म्हणाल्या की पाचही माणसांना स्वतः जाऊन भेट आणि सांग. आईला आणि सुगतला घरी सांगितलं. तुमच्याकडे यायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहीत आहे.

मामा, हे त्या मशीननं केलं. मला एवढंच म्हणायचं आहे की मी मुद्दाम नाही केलं.

सरिता


कारंजा (घाडगे)
१२ फेब्रुवारी

सरिता,

तुयं पत्र मंगळवारी भेटलं. ते लोक त्याच्या पयलेच, रविवारी, येऊन गेलते.

भागीरथाबाई, पोट्ट्याची माय, अन् अंकित सोता. चाय बी घेतला नाई. बाई मोबाईल घेऊन माया तोंडासमोर. ऐकू तं येत नाई, पन समीक्षाचं नाव वाचता आलं. अन् वरतं पाठवनाराचं नाव बी वाचता आलं. सरिता. मशीन म्हणून कोठंच लिहून नव्हतं. म्या त्या दिवशी इचारलंतं ना, कोनाच्या नावानं? तू उत्तरच देल्लं नाई.

तुयी मामी भिंतीले टेकून बसली. समीक्षा आतल्या खोलीतून भाईर आलीच नाई. यादीत समदे घरचेच नावं पायले, तुयी मशीन आठवली, अन् अंदाजानंच माया तोंडून निंघून गेलं, "अवो बाई, ते खोटे नावं हायेत. मशीननं मनानं बनवले. माया भाचीनं नमुन्यासाठी घरचे नावं देल्ले, पुढचं समदं मशीनचं."

पोरी, त्याइनं मानलं. मले सोताले इश्वास बसला नाई. तुयी मामी म्हणते, अंकितच म्हणाला का ह्या मशीनी खोटं सांगतात हे त्यानं मोबाईलवर पायलं हाय. भागीरथाबाई थंडी झाली. पन तिले लिहून पायजे. संस्थेच्या कागदावर, तुया सहीनं, का ती यादी बनावट होती.

तेवढं पाठवून दे. तुया हातानं बिघडलं, तुयाच हातानं निस्तर.

प्रेमदास


हिंगणघाट
१६ फेब्रुवारी

मामा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मी गेल्या पत्रात टाळलं. मशीन माझ्या नावानं काम करत होती. तिला वेगळं खातं काढून द्यायचं असतं, तिची वेगळी चावी असते, आणि त्या चावीनं जेवढं लागतं तेवढंच दार उघडतं. मला हे माहीत होतं. त्या दिवशी आनंदाबाईंना दुपारी रिपोर्ट हवा होता, वेगळं खातं काढायला तासभर गेला असता, म्हणून मी माझीच चावी दिली. सगळी दारं उघडणारी. "नंतर बदलू" म्हटलं आणि बदलली नाही. म्हणजे हे मशीननं केलं असं जे मी लिहिलं, ते अर्धंच खरं होतं.

पण मामा, ते पत्र मी कशी लिहू? यादी बनावट नव्हती. समीक्षा वाहक आहे. ती ठणठणीत आहे, शंभर वर्षं जगेल. पण अंकितही वाहक निघाला तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका आहे सुगतसारखं होण्याचा. सुगत कसा आहे हे तुम्ही पाहिलं आहे. परवा थंडी वाढली तर सकाळपासून गुडघे धरून बसला होता. बावीस वर्षांचा मुलगा, आईला म्हणतो, माझे पाय कापून टाक. माझ्या आईबाबांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला तर माहीत आहे.

अंकितला एकदा तपासून घ्या म्हणा. एक थेंब रक्त लागतं. तो वाहक नसेल तर कशाचीच भीती नाही, मग मी स्वतः जामला येऊन भागीरथाबाईंच्या पाया पडते.

सरिता


कारंजा (घाडगे)
२० फेब्रुवारी

सरू,

तपासून घे म्हणलं का लगेच इचारतीन, काऊन? मंग काय सांगू?

परवा साक्षगंध हाय. पाहुण्याइले सांगून झालं. कागद नाई आला तं ते येनार नाईत, अन् तिसरी जागा मोडली तं ह्या गावात समीक्षाले कोनी इचारनार नाई. तिचं वय अठ्ठावीस हाय.

तुया बाप गेला तवा तू नवव्या वर्गात होती. जिनातून सुटलो का मी सायकल घेऊन तुया शाळेच्या फाटकाशी उभा राहो, ट्यूशनले सोडो, परत आनो. पाच वर्सं. म्या कधी काई मांगतलं नाई. आता मांगतो. पत्र पोचाले टाईम नाई, ह्या चिठ्ठीचा फोटो समीक्षाच्या मोबाईलवरून पाठवतो. ती पाठवत नोयती, म्या हातातून मोबाईल घेतला.

तुया मामा


हिंगणघाट
२१ फेब्रुवारी

मामा,

संस्थेच्या कागदावर सही करून भागीरथाबाईंकडे सकाळी पोचतं केलं. ही त्याची प्रत तुम्हाला. आनंदाबाईंना विचारलेलं नाही.

उद्या मी येत नाही. सुगतची तब्येत बरी नाही असं सांगा. ते खोटंही नाही.

सरिता


कारंजा (घाडगे)
२ मार्च

सरू पोरी, जयभीम.

साक्षगंध छान झालं. जामचे तीस लोक आलते. भागीरथाबाईनं तुयं पत्र पर्समंधी ठेवलं हाय, चौघीइले काढून दाखवलं, का पाहा बाई, मशीनच्या भरवशावर कसे लोकाइचे नावं खराब होतात. लग्न २६ एप्रिलले. तुले आठ दिवस अगोदर येनं हाय, बहाना चालनार नाई.

समीक्षा गुमसुम राह्यते आजकाल. सासरी जायचं म्हणल्यावर पोरी अशाच होतात, तुयी मामी बी तशीच होती. जेवत नाई बराबर. अंकित दोनदा घरी येऊन गेला, दोघं आंगनात बसले, पन जास्त बोलताना दिसले नाईत. म्या तुले म्हणलंतं ना, पोट्टा कमी बोलते.

माया मनावरचा धोंडा उतरला. तुये उपकार लय झाले.

प्रेमदास


हिंगणघाट
१४ मार्च

मामा,

हे पत्र वाचायच्या आधी बसून घ्या.

सोमवारी अंकित आमच्या ऑफिसात आला होता. एकटाच, मोटारसायकलवर. मावशीला सांगितलं नव्हतं. म्हणाला, यादी खोटी असली तरी त्या निमित्तानं डोक्यात आलं, लग्नाआधी आपण तपासून घ्यावं. मामा, तो कमी बोलतो ते खरं आहे. पण माणूस चांगला आहे.

आनंदाबाईंनी रक्त घेतलं. आज रिपोर्ट न्यायला आला. त्यात काय आहे ते मी तुम्हाला लिहिणार नाही. तो कागद त्याचा आहे, आणि हा एक शब्द तरी मला पाळू द्या. त्यानं तो वाचला, घडी केली, खिशात ठेवला. आणि मग मला विचारलं, "ताई, समीक्षाचं ते खोटंच होतं ना?"

आनंदाबाई समोर बसल्या होत्या. त्यांना त्या पत्राचं काहीच माहीत नव्हतं. हो म्हटलं असतं तर तो हसत घरी गेला असता, मामा. आणि दोन वर्षांनी मी त्यांच्या बाळाचं नाव माझ्याच हातानं त्या नोंदवहीत लिहिलं असतं. मी म्हटलं, "अंकित, ते पत्र मी लिहिलं आणि ते खोटं आहे."

 त्यानं पाणी मागितलं, प्यायला, गेला.

आनंदाबाईंनी माझ्याकडून ऑफिसची किल्ली घेतली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नाव मशीननं फोडलं ते मी समजून घेतलं असतं, संस्थेच्या कागदावरचं खोटं नाही. उद्यापासून मी घरी आहे.

तुम्ही मला काय वाटेल ते बोला. मी ऐकून घेईन. पण लग्नाच्या आधी समीक्षाला अंकितशी बोलू द्या.

सरिता


कारंजा (घाडगे)
२१ मार्च

सरूताई,

तुझं बाबाला आलेलं पत्र मी वाचलं. पोस्टमन माझ्याच हातात देतो, बाबाला हाक ऐकू येत नाही म्हणून. तुझी सगळी पत्रं मीच आधी घेतली, पण फोडलं ते हे पहिलंच. मग बाबाच्या पेटीतली बाकीचीही काढून वाचली.

बाबा तुले उत्तर देणार नाही. त्यानं पत्र वाचलं अन् नर्सरीत निंघून गेला. तीन दिवस झाले, सकाळी जाते तो अंधार पडल्यावरच येते.

मी शिकल्यासारखं लिहायचं ठरवून बसली होती, पण राग आला की आपली बोलीच येते, तर येऊ दे.

तुले एक गोष्ट मालूम नाही, कोणालेच मालूम नाही. रविवार ८ फेब्रुवारीले अंकित अन् मी भेटणार होतो. जामच्या चौकात नाही, तिथं सगळे ओळखतात, कारंज्याच्या बायपासवरच्या ढाब्यावर. मी त्याले माझं कार्ड दाखवणार होती. आठ दिवस आधीपासून पर्समध्ये ठेवलं होतं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, म्हणजे मी आजारी नाही, तू एकदा तपासून घे, मग आपण दोघं ठरवू. पहिल्या दोन जागी बाबानं लपवलं अन् दुसऱ्याच कोणी तरी सांगितलं, म्हणून यावेळी मीच सांगणार होती. गुरुवारी तुझा मेल गेला. रविवारी ढाब्याच्या ऐवजी ते तिघं आमच्या घरात उभे होते.

मी आतून भाईर काऊन नाही आली, तर बाबा खोटं बोलला ते मले ऐकू आलं. त्याले ऐकू येत नाही, मले येते. भाईर येऊन बापाले चारचौघांत खोटं पाडणं जमलं नाही. मंग तुझं पत्र आलं. त्याच्यानंतर अंकितनं आंगणात मले एकदा विचारलं, तर मी खाली पाहून मान हालवली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे ताई, अन् ती मी केली, तुझी सही अन् बाबाची इज्जत वाचवाले.

आता सांगते. तुझ्या ऑफिसातून तो सरळ इथं आला. त्यानं त्याचा कागद दाखवला, मी माझं कार्ड दाखवलं. दोन्हीवर एकच शब्द. त्यानं मले फक्त एवढंच विचारलं का तू तरी काऊन नाही सांगितलं? माझ्याकडं जे उत्तर होतं ते ८ तारखेचं होतं.

२६ एप्रिलची तारीख आम्ही मोडली. हॉलवाल्याले मीच फोन केला. लग्न मोडलं का, ते सगळे विचारून राह्यले. भागीरथाबाई म्हणते मोडलं. मामी, म्हणजे माझी आई, म्हणते रडू नको. पुढच्या आठवड्यात अंकित अन् मी नागपूरले डॉक्टरले भेटाले जातो, दोघंच. पोटात असतानी तपासता येते म्हणतात. लग्न करायचं का, लेकरू होऊ द्यायचं का, हे तिथून आल्यावर ठरवू. कदाचित नाही ठरणार. तो मले माफ करन का नाही, तेबी मालूम नाही.

तू लिहिलं आहे का तू खरं बोलली. बोलली, मानते. पण बघ. पहिल्या वेळी तुझ्या नावानं मशीन बोलली. दुसऱ्या वेळी तुझी सही बोलली. तिसऱ्या वेळी तू सोता बोलली. तिन्ही वेळा गोष्ट माझी होती अन् तिन्ही वेळा मी तिथं नव्हती. एवढी पत्रं तू बाबाले लिहिली. आनंदाबाईनं सांगितलं होतं का पाचही जणांना स्वतः जाऊन सांग. हिंगणघाटवरून कारंजा काही परदेश नाही. मले तू एक ओळ लिहिली नाही, एक फोन केला नाही, अन् माझा फोन तर चालू असते.

ह्या पत्राले उत्तर नको पाठवू. आमचं काय ठरलं ते बाबाले विचारू नको, आईले विचारू नको. विचारायचं असन तर इथं ये, माझ्यासमोर बस, अन् मले विचार.

समीक्षा